कारक वर्तनात पीएच.डी. केल्यावर पुढे काय?

फिजिओथेरपीची पदवी आणि त्यानंतर कारक वर्तन (मोटर बिहेवियर), म्हणजे माणूस हालचाली कशा करतो आणि शिकतो, या विषयातली पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. याच विषयात पीएच.डी.ची जागा मिळते आहे, ती घ्यावी का? चार-पाच वर्षे घालवून प्राध्यापकी मिळालीच नाही तर हाती काय उरते? आणि पुढे मागणी राहील असा प्रबंधाचा विषय कोणता? मी गेली चोवीस वर्षे या विषयाचे अध्यापन आणि प्रबंधांचे मार्गदर्शन करतो आहे. मधली काही वर्षे पुनर्वसनाची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या निवड समितीवरही होतो. त्यामुळे प्रयोगशाळेत नव्याने आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि तिथून बाहेर पडून नोकरीच्या मुलाखतीला बसलेलेही पाहिले आहेत.

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण तो सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि खरा घोळ त्यातच आहे. प्रबंधाच्या विषयाला अशी मागणी क्वचितच असते. माणसाची हालचाल ही दर खेपेला थोडी वेगळी होणारी गोष्ट आहे. ती भरवशाने मोजता येणे, आणि त्या मोजमापावरून काय म्हणता येईल व काय म्हणता येणार नाही हे ओळखता येणे, याला मात्र बरीच मागणी आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी आहे. ‘पकडीच्या बळाचे पूर्वनियोजन’ या विषयावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला त्याच विषयासाठी कोणी नोकरीवर ठेवील अशी शक्यता जवळजवळ नाही. पण कृत्रिम हाताची बोटे फुगा न फोडता कशी धरतील, यावर काम करणाऱ्या गटाला तोच माणूस हवा असतो.

या क्षेत्राचा एक पायाभूत अभ्यास मुळात विद्यार्थ्याचा प्रबंधच होता. रॉबर्ट वुडवर्थ यांनी कोलंबिया विद्यापीठात जेम्स कॅटेल यांच्या हाताखाली १८९९ मध्ये ऐच्छिक हालचालींच्या अचूकतेवर प्रबंध सादर केला. फिरत्या ड्रमवर कागद, हातात पेन्सिल, मेट्रोनोमच्या ठोक्यावर ठरावीक लांबीच्या रेघा ओढायच्या, कधी डोळे उघडे ठेवून तर कधी मिटून. साहित्य एवढेच होते. त्यावरून त्यांनी दाखवले की नेम धरून केलेल्या हालचालीत आधी एक झेप असते आणि मग नजरेच्या आधाराने केलेली दुरुस्ती, आणि वेग पुरेसा वाढला की डोळे उघडे असण्याचा फायदा नाहीसा होतो. ही मांडणी आजही शिकवली जाते. वुडवर्थ मात्र हालचालींच्या अभ्यासात राहिले नाहीत. ते सामान्य मानसशास्त्राकडे गेले, १९१४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमधली मानसिक दुर्बलता आधीच हेरता यावी म्हणून त्यांनी प्रश्नावली तयार केली. व्यक्तिमत्त्व मापनाच्या सुरुवातीच्या प्रश्नावल्यांमध्ये तिची गणना होते.

उलट दिशेचे उदाहरण एस्थर थेलेन यांचे. त्यांची पीएच.डी. १९७७ मधली, जीवशास्त्रातली, आणि अभ्यासाचा प्राणी गांधीलमाशीच्या कुळातला. तो आपले अंग कसे साफ करतो याची त्यांनी बारकाईने नोंद केली होती. तीच निरीक्षणाची सवय घेऊन त्या तान्ह्या मुलांकडे वळल्या. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकल्यासारखे करते आणि काही आठवड्यांनी ते थांबते. मेंदू परिपक्व होताना ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे तेव्हा मानले जात असे. थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले, तेव्हा पावले वाढली. पायांना छोटी वजने लावली, तेव्हा ती कमी झाली. पायांवर चरबी साठण्याचा वेग स्नायूंच्या ताकदीपेक्षा जास्त असतो, एवढे साधे कारण पुढे आले. पुढे डेल अल्रिक आणि सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांना घरीच लहानशा ट्रेडमिलवर, रोज आठ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस धरून चालवले. ही बाळे नेहमीचीच फिजिओथेरपी घेणाऱ्या बाळांपेक्षा सुमारे १०० दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गांधीलमाशीवरचा प्रबंध निवडताना कोणी ‘मागणी’ पाहिली असती, तर त्याला पहिल्याच बैठकीत नकार मिळाला असता.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे हाती काय उरते. प्राध्यापकीबद्दल मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगतो. दरवर्षी जितके लोक पीएच.डी. होतात, त्यांच्या मानाने कायम जागा फार थोड्या निघतात, आणि मधे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-तीन किंवा अधिक वर्षे धरावी लागतात. तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. फिजिओथेरपीच्या संस्थांना उपचारही येतात आणि संशोधनही येते अशा शिक्षकांची गरज असते, आणि दोन्ही येणारी माणसे कमी असतात. निव्वळ कारक वर्तन शिकलेल्या उमेदवारापेक्षा तुमची बाजू तिथे भक्कम आहे. म्हणून उपचार करण्याची तुमची नोंदणी पीएच.डी.च्या काळात चालू ठेवा. आठवड्यातला अर्धा दिवस रुग्ण पाहा. त्याने प्रबंध सहा महिने लांबला तरी चालेल. मार्गदर्शकाला हे आवडणार नाही, हेही आधीच धरून चला.

पुनर्वसन हा या विषयातून निघणारा सर्वांत रुंद रस्ता आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कॅरोली विन्स्टाइन फिजिओथेरपिस्ट होत्या आणि कारक अध्ययनात, म्हणजे हालचाली कशा शिकल्या जातात या विषयात, पीएच.डी. करण्यासाठी रिचर्ड श्मिट यांच्याकडे गेल्या. त्या दोघांचा १९९० चा प्रयोग असा होता की लोकांना तरफेची एक विशिष्ट हालचाल शिकवायची. एका गटाला प्रत्येक खेपेनंतर किती चुकले ते सांगायचे, दुसऱ्याला निम्म्याच खेपांनंतर सांगायचे, आणि तेही उत्तरोत्तर कमी करत न्यायचे. नंतरच्या दिवशी कोणतीही माहिती न देता धारणा चाचणी (शिकलेले किती टिकले याची चाचणी) घेतली, तेव्हा कमी सांगितलेला गट सरस ठरला. रुग्णाला प्रत्येक हालचालीनंतर ‘छान, अजून थोडे वर’ असे सांगत राहणाऱ्या थेरपिस्टसाठी हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. पुढे विन्स्टाइन पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत आणण्याच्या मोठ्या चाचण्यांकडे गेल्या. त्यांच्या नेतृत्वाखालच्या एका चाचणीत ३६१ रुग्ण होते, आणि तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: कारक अध्ययनाच्या तत्त्वांवर काळजीपूर्वक रचलेला उपचार तितक्याच तासांच्या नेहमीच्या उपचारापेक्षा वर्षअखेरीस सरस ठरला नाही. स्वतःच्या विषयाच्या तत्त्वांवर उभारलेल्या कार्यक्रमाचा असा निकाल तितक्याच स्वच्छपणे लिहिणे हेही या प्रशिक्षणातच येते. रुग्णालयांतल्या चाल-विश्लेषण प्रयोगशाळा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शस्त्रक्रियेआधीचे मोजमाप, औषध आणि उपकरणांच्या चाचण्यांमध्ये ‘सुधारणा झाली’ म्हणजे नेमके काय मोजायचे हे ठरवणे, या सगळ्या जागांवर आमच्याकडून गेलेले लोक आहेत.

दुसरा रस्ता यंत्र आणि माणूस यांच्या मधल्या जागेचा. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवले की लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे हात पोचायला वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ एका साध्या सूत्रात बसतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हेच सूत्र घेऊन संगणकाचा माऊस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना केली. माऊसचा वेग उपकरणामुळे नव्हे, हाताच्या स्वतःच्या मर्यादेमुळेच अडतो, असे त्यातून दिसले. पडद्यावरचे बटण किती मोठे आणि कुठे असावे, हे ठरवणारे लोक आजही फिट्सचे सूत्र वापरतात. मनगटावरच्या पट्टीतून स्नायूंचे विद्युत संकेत वाचून संगणक चालवण्याचे तंत्र विकसित करणारी कंट्रोल-लॅब्ज ही कंपनी फेसबुकने २०१९ मध्ये विकत घेतली. तिची उभारणीही मेंदूविज्ञानात पीएच.डी. केलेल्या लोकांनी केली होती. ईएमजीचा, म्हणजे स्नायूंच्या विद्युत नोंदीचा, खरा संकेत कोणता आणि त्वचेवर इलेक्ट्रोड सरकल्यामुळे आलेली खरखर कोणती, हे रात्री आठ वाजता प्रयोगशाळेत बसून शिकलेल्या माणसाला अशा ठिकाणी वेगळे शिकवावे लागत नाही.

याच बाजूला न्यायवैद्यकाची एक गल्ली आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नसते. वर ज्यांचा उल्लेख आला ते श्मिट १९७५ च्या स्कीमा सिद्धान्तामुळे (सरावातून हालचालींचे सर्वसाधारण नियम मनात तयार होतात, असे सांगणाऱ्या) प्रसिद्ध आहेत, पण त्यांनी विद्यापीठाबाहेरही बरेच काम केले. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोटारी ‘आपोआप’ सुसाट धावल्याच्या तक्रारी गाजल्या. श्मिट यांनी १९८९ च्या लेखात मांडले की पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडतो, स्नायूंच्या बळातल्या नैसर्गिक चढउतारामुळे तो चुकतो, आणि चालकाला मात्र आपण ब्रेकच दाबतो आहोत अशी प्रामाणिक खात्री असते. अपघाताच्या खटल्यात अशा तज्ज्ञाची साक्ष लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने हाच पेशा धरला. दिवसभर प्रतिक्रियाकालाचे आलेख वकिलांना समजावून सांगतो आणि मजेत आहे.

खेळाच्या क्षेत्राबद्दल मी जरा सावध असतो, कारण बहुतेक विद्यार्थी त्याच आकर्षणाने येतात. जागा थोड्या, करार छोटे, आणि प्रशिक्षक बदलला की तुम्हीही बदलता. शिवाय एक अडचण विषयाच्या पोटातलीच आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या हालचालींची सरमिसळ करून सराव केला तर सरावात कामगिरी वाईट दिसते, पण नंतर लक्षात जास्त राहते. प्रयोगशाळेबाहेर हा परिणाम तितका ठळक दिसत नाही, हेही खरे. पण तो दिसो वा न दिसो, ज्या प्रशिक्षकाची नोकरी रविवारच्या सामन्यावर अवलंबून आहे, त्याला मंगळवारचा सराव मुद्दाम विस्कळीत करायला सांगण्यासाठी पीएच.डी.पेक्षा वेगळेच काहीतरी लागते.

निवड समितीवर असतानाचा एक प्रसंग सांगतो. आमच्यापुढे दोन उमेदवार होते. पहिल्याकडे सहा शोधनिबंध होते. आम्ही त्याला विचारले, तुमचा विदा (डेटा) ६ हर्ट्झच्या फिल्टरमधून, म्हणजे त्याहून वेगाने होणारे बदल गाळून, का काढला? तो म्हणाला, आमच्या प्रयोगशाळेत तेच वापरतात. त्याचा अभ्यास चेंडूला पाय लागण्याच्या क्षणाचा होता. संथ चालीसाठी ६ हर्ट्झ ठीक असते. पण आघाताचा क्षण काही मिलिसेकंदांचा असतो, आणि इतक्या खालच्या फिल्टरने त्याचा कळसच सपाट होतो. म्हणजे जे मोजायचे होते तेच त्याने पुसून टाकले होते, आणि सहा निबंधांत कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या मुलीकडे एकच निबंध होता. तिला विचारले, सातव्या सहभागीच्या तीन खेपा वगळलेल्या दिसतात, त्या का? तिने पिशवीतून वही काढली. हालचाल टिपण्यासाठी अंगावर चिकटवलेल्या खुणांची, म्हणजे मार्करची, नोंद त्यात होती. त्यात लिहिले होते: ‘सहभागी ७, खेप २३ ते २५. कोपरावरचा मार्कर घामाने सुटला. नवी पट्टी लावली. जागा ४ मि.मी. खाली गेली असावी.’ त्या खेपा धरून आणि वगळून अशी दोन्ही उत्तरे तिच्याकडे तयार होती. जागा तिला मिळाली. गेली काही वर्षे ती गुडघ्याच्या आधारपट्ट्यांच्या चाचण्यांची प्रमुख आहे.

प्रसिद्ध निबंधांच्या संख्येवर फार विसंबू नका, असे मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या क्षेत्राची मोठी दुखणी लहान नमुन्यांतून आली आहेत. लोजे, ब्युकॅनन आणि मिलर यांनी २०१६ मध्ये कारक अध्ययनाच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एका गटातल्या सहभागींची मध्यक संख्या ११ निघाली. एवढ्या लोकांवरून मध्यम आकाराचा फरक ओळखणे कठीण असते, आणि जे फरक ‘सापडतात’ ते फुगलेले असण्याची शक्यता मोठी असते. आज पीएच.डी. करणाऱ्याने नमुन्याचा आकार आधी काढणे, विश्लेषणाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवणे आणि विश्लेषणाचा कोड दुसऱ्याला चालवता येईल असा लिहिणे शिकलेच पाहिजे. विद्यापीठाबाहेरच्या नोकरीत याच तीन गोष्टींचे पैसे मिळतात. हे सगळे सोडून विदा-विश्लेषणाकडे गेलेले माझे जे विद्यार्थी आहेत, त्यांची तिथे सोय लागली ती याच जोरावर.

मार्गदर्शक कसा निवडावा हे तुम्ही विचारलेले नाही, पण विषयापेक्षा तेच जास्त ठरवते. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक अत्यंत हुशार विद्यार्थी माझ्याकडे होता. त्याचा प्रत्येक आलेख, प्रत्येक परिच्छेद, सहभागींना पाठवायचे पत्रसुद्धा मी त्याच दिवशी दुरुस्त करून देत असे, आणि त्याचा मला अभिमान होता. चार वर्षांत चार निबंध झाले. पहिल्या नोकरीत तो आठ महिने अडून बसला. रोज रात्री मला आलेख पाठवून विचारायचा, हे बरोबर आहे ना? ज्या माणसाने विन्स्टाइन आणि श्मिट यांचा प्रयोग दरवर्षी वर्गात शिकवला, त्याने आपल्याच विद्यार्थ्याला शंभर टक्के खेपांनंतर चूक सांगून ठेवली होती. सरावातली त्याची कामगिरी उत्तम होती. धारणा चाचणी मी कधी घेतलीच नव्हती. तो पुढे सावरला, पण त्यात माझा वाटा नाही. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी एक छोटा प्रयोग माझ्याशी एक शब्दही न बोलता, नैतिकता समितीच्या अर्जापासून शेवटच्या आकृतीपर्यंत, पुरा करतो. काही प्रयोग फसतात, आणि फसलेलेही मोजले जातात.

म्हणून जागा स्वीकारण्याआधी त्या प्रयोगशाळेतून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी मागा, आणि त्यात अर्धवट सोडून गेलेल्यांची नावेही असू द्या. शक्य झाले तर सोडून गेलेल्यांशी आधी बोला. ते सध्या काय करतात यापेक्षा, पहिला निर्णय त्यांनी एकट्याने कधी घेतला होता, हे विचारा. त्या प्रयोगशाळेत एक पूर्ण दिवस बसून विदा गोळा होताना पाहा: मार्कर कोण लावते, खेप बिघडली तर नोंद कोण करते, आणि मार्गदर्शक त्या खोलीत शेवटचे कधी आले होते. विद्यावेतन किती वर्षांसाठी लेखी आहे, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे जागा घ्यावी का याचे, उत्तर मी दुरून देऊ शकत नाही, पण ते तुम्हाला एका आठवड्यात काढता येईल. पदव्युत्तर प्रबंधाचा तुमचा कच्चा विदा पुन्हा उघडा आणि मार्गदर्शकांच्या सूचना बाजूला ठेवून सुरुवातीपासून स्वतः विश्लेषण करा. फिल्टर कोणता, कोणत्या खेपा वगळायच्या, निष्कर्ष किती जोराने मांडायचा, हे सगळे नव्याने ठरवा. चौथ्या दिवशी कंटाळा येऊन रुग्णांची आठवण येऊ लागली, तर उपचाराच्या कामाकडे निःसंकोचपणे जा; तिथेही तुमच्यासारख्या मोजणाऱ्या माणसांची वानवा आहे. आणि एखाद्या सहभागीच्या एका खेपेवरून रात्री उशिरापर्यंत स्वतःशीच वाद घालत बसलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी होकार कळवून टाका.